मायब्रिजचं नाक काय सांगत होतं?

धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात, हे जगाला दाखवणारा फोटोग्राफर म्हणून एडवर्ड मायब्रिज प्रसिद्ध आहे. एका अपघातात त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्याचा वास गेला, ही गोष्ट मात्र त्याच्या चरित्रात बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. त्या एका ओळीत काय दडलंय, त्याची ही गोष्ट.

तो घोडा तुम्ही नक्की पाहिला आहे. नाव माहीत नसेल, पण पाहिला आहे. पांढऱ्या पडद्यासमोरून धावणारा काळा घोडा, वर जॉकी, आणि न थांबता पुन्हा पुन्हा तेच पळणं. आमच्या मास कॉमच्या वर्गात सिनेमाचा इतिहास सुरू झाला तो याच घोड्यापासून. ९ एप्रिल २०१२ ला गूगलनं त्याचं डूडल केलं होतं. ‘द मेट्रिक्स’मध्ये नायक मागे वाकून गोळ्या चुकवतो, तो सीन ओळीनं मांडलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलाय; ही युक्ती मुळात मायब्रिजची. २०२२ मध्ये आलेल्या ‘नोप’मधली भावंडं तर स्वतःला त्याच्या फोटोतल्या जॉकीचे वंशज म्हणवतात.

घोडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. ज्यानं तो टिपला त्याच्या आयुष्यात आणखीही घोडे होते. ते अठरा वर्षं आधी उधळले होते आणि त्यांनी त्याला जवळजवळ मारलंच होतं.

नाव बदलत जाणारा पोरगा

९ एप्रिल १८३० ला लंडनजवळच्या किंग्स्टन अपॉन थेम्समध्ये त्याचा जन्म झाला. नाव एडवर्ड जेम्स मगरिज. वडील धान्य आणि कोळशाचे व्यापारी. तो तेरा वर्षांचा असताना ते गेले. विशीत पोरानं अमेरिकेचं जहाज पकडलं. आधी न्यूयॉर्क, मग १८५५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को. सोन्याच्या शोधात निघालेल्या माणसांनी हे शहर नुकतंच भरलं होतं. आपल्या पठ्ठ्यानं सोनं नाही खणलं, पुस्तकं विकली. लंडनच्या एका प्रकाशन कंपनीचा एजंट म्हणून सुरुवात केली, मग स्वतःचं दुकान थाटलं. दुकान चांगलं चाललं.

नावाशी खेळायची सवय त्याला आयुष्यभर होती. मगरिजचा मायग्रिज झाला, मायग्रिजचा मायब्रिज. पुढे पहिल्या नावाचं स्पेलिंगही त्यानं जुन्या सॅक्सन राजांच्या पद्धतीनं बदलून घेतलं. किंग्स्टनमध्ये त्या राजांच्या राज्याभिषेकाचा दगड आहे, त्यावर तसंच कोरलेलं होतं.

१८६० मध्ये त्यानं दुकान भावाकडे सोपवलं आणि जुनी, दुर्मीळ पुस्तकं आणायला युरोपला निघायचं ठरवलं. जहाज चुकलं. मग त्यानं जमिनीवरचा रस्ता धरला. टपाल आणि प्रवासी नेणारी घोडागाडी, म्हणजे स्टेजकोच, पश्चिमेकडून निघून वाळवंटं, डोंगर पार करत तीन-साडेतीन आठवड्यांत मिसूरीकडे पोचायची. दिवसरात्र गचके, अधूनमधून घोडे बदलणं, आणि आत दाटीवाटीनं बसलेली माणसं. त्यावेळी तो तीस वर्षांचा होता.

टेक्सासमधली ती गाडी

जुलै १८६०. गाडी टेक्सासमध्ये होती. घोडे उधळले, गाडीवानाच्या हातात काही राहिलं नाही, गाडी उतारावरून सुसाट सुटली आणि आपटून फुटली. अपघात जीवघेणा होता. आतल्यांपैकी कुणीही धड राहिलं नाही. मायब्रिज बाहेर फेकला गेला आणि त्याचं डोकं आपटलं.

त्याला शुद्ध आली ती अर्कान्सासमधल्या फोर्ट स्मिथ गावी, अपघाताच्या जागेपासून सुमारे दीडशे मैलांवर. मधले दिवस कोरे होते. अपघात आठवत नव्हता, त्याच्या आधीचे काही दिवसही आठवत नव्हते. एका गोष्टीच्या जागी दोन दिसायच्या. विचार जुळायचे नाहीत. वास येत नव्हता आणि चव लागत नव्हती. हा त्रास पहिले तीन महिने जोरात होता, पुढे वर्षभर कमी प्रमाणात राहिला. हे सगळं पुढे त्यानं कोर्टात सांगितलं. कोर्टात का, ते येईलच.

फोर्ट स्मिथहून तो न्यूयॉर्कला गेला. तिथे त्यानं गाडीच्या कंपनीवर दावा लावला आणि अडीच हजार डॉलर मिळवले. मग लंडन. तिथे सर विल्यम गल यांच्याकडे उपचार झाले. हे गल पुढे व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर झाले. त्यांनी मांस, दारू आणि कॉफी बंद केली. विश्रांती घ्या, मोकळ्या हवेत फिरा, आणि जमलं तर धंदा बदला, असा त्यांचा सल्ला होता.

आज तुमच्या-आमच्या ओळखीचा कुणी बाइकवरून पडला तर लगेच सीटी स्कॅन होतो. १८६० मध्ये क्ष-किरणांचा शोध लागायलाही पस्तीस वर्षं होती. कवटीच्या आत काय झालंय हे बाहेरून कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे माणसाला काय येईनासं झालंय हे बघणं. मायब्रिजचं नाक काहीतरी सांगत होतं, फक्त ते वाचता येणारे डॉक्टर तेव्हा जवळजवळ नव्हतेच.

चाळणीसारखं हाड

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या शेंड्यावर नसतात. त्या नाकपोकळीच्या अगदी छताला, डोळ्यांच्या मधोमध, टपाल तिकिटाएवढ्या जागेत असतात. प्रत्येक पेशीतून केसाहून बारीक तंतू वर जातो. वर एक पातळ हाड आहे, चाळणीसारखं भोकांचं. त्या भोकांतून हे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या वासाच्या केंद्राला जाऊन मिळतात. डोळे, कान यांच्या नसा जाडजूड असतात. वासाचं सगळं काम या धाग्यांवर चालतं.

आता एसटीत उभे आहात असं समजा. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पण उभी असलेली माणसं पुढे जातात. डोकं दगडावर आपटतं तेव्हा कवटी थांबते, मेंदू मात्र क्षणभर पुढेमागे सरकतो. चाळणीतून आलेले धागे त्या एका सरकण्यात तुटतात. त्यासाठी कवटी फुटायला लागत नाही. नाकाला खरचटायलाही लागत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला तरी पुढचा वास जाऊ शकतो. लंडनचे डॉक्टर विल्यम ओगल यांनी १८७० मध्ये अशा रुग्णांविषयी लिहिलं, म्हणजे मायब्रिजच्या अपघातानंतर दहा वर्षांनी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या धाग्यांच्या अगदी शेजारी, डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर, मेंदूचा एक भाग टेकलेला असतो. त्याच्या खालचं हाड खडबडीत आहे. मेंदू सरकला की हा भाग त्यावर घासतो, त्याला मुका मार बसतो. या भागाचं काम काय? राग आवरणं, धोक्याचा अंदाज घेणं, चारचौघांत काय शोभतं ते ओळखणं, आणि नफा-तोट्याची आतल्या आत गोळाबेरीज करणं. वाचा शाबूत, हिशेब शाबूत, हुशारी शाबूत, पण ब्रेक सैल, असं या भागाला इजा झालेल्या माणसाचं होऊ शकतं.

म्हणजे डोक्याला मार लागल्यावर वास गेला, तर तो नुसता नाकाचा प्रश्न राहत नाही. शेजारच्या घरात काय पडझड झाली, हे बघायची ती खूण असते.

आणि चव? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी सगळी मजा नाकाची. सर्दी झाल्यावर मिसळ नुसती तिखट लागते, मिसळीसारखी लागत नाही, ते याचमुळे. चव गेली असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा खरं तर वास गेलेला असतो.

परत आला तो वेगळाच

१८६७ पर्यंत मायब्रिज सॅन फ्रान्सिस्कोला परतला होता. पुस्तकवाला गेला, फोटोग्राफर आला. हेलिओस, म्हणजे सूर्य, या टोपणनावानं तो काम करू लागला. गंमत बघा: त्या काळी काचेवर ईथर मिसळलेलं द्रावण ओतायचं, ओलं असतानाच फोटो काढायचा आणि लगेच काळ्या तंबूत धुवायचा. ज्याच्या नाकानं एकदा दगा दिला, तो माणूस अशा उग्र वासाच्या धंद्यात शिरला.

काम मात्र जबरदस्त होतं. योसेमिटीच्या दऱ्या, धबधबे, ढग. अलास्का. हवा तसा फोटो मिळावा म्हणून मधे येणारी झाडं तो तोडायला लावायचा. १८७२ चा एक फोटो आहे: खोल दरीवर आलेल्या खडकाच्या टोकावर हा पाय सोडून निवांत बसलाय. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

जुन्या मित्रांना दोन माणसं दिसत होती. अपघाताआधीचा मनमिळाऊ, व्यवहाराला चोख दुकानदार. नंतरचा चिडका, लहरी, कधी काय करेल याचा नेम नसलेला. व्यवहार ठरवून ऐनवेळी मोडायचा. पैसे मिळणार असले तरी मनाला येईल तेच करायचा. कलाकार म्हटल्यावर असं चालतंच, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण प्रकरण तिथे थांबलं नाही.

ऑक्टोबर १८७४

१८७१ मध्ये त्यानं फ्लोरा शॅलक्रॉस स्टोनशी लग्न केलं. तो चाळिशी ओलांडलेला, ती विशी ओलांडलेली. तो महिनोन्महिने डोंगरांत, ती शहरात एकटी. हॅरी लार्किन्स नावाच्या, नाटकांवर लिहिणाऱ्या एका देखण्या माणसाशी तिची जवळीक झाली. एप्रिल १८७४ मध्ये तिला मुलगा झाला. नाव ठेवलं फ्लोराडो हेलिओस.

ऑक्टोबरमध्ये सुईणीच्या घरी मायब्रिजच्या हातात बाळाचा फोटो पडला. मागे बायकोच्या अक्षरात हॅरीचं नाव होतं.

१७ ऑक्टोबरला तो निघाला. आधी फेरीबोट, मग रेल्वे, मग भाड्याची गाडी, असा काही तासांचा प्रवास करून कॅलिस्टोगाजवळच्या खाणीवर पोचला. रात्र झाली होती. लार्किन्सला दाराशी बोलावलं आणि गोळी घातली. नंतर तिथे पत्ते खेळत बसलेल्या मंडळींची, त्रास दिल्याबद्दल, त्यानं माफी मागितली. पळून जायचा प्रयत्न केला नाही.

फेब्रुवारी १८७५ मध्ये नापा इथे खटला उभा राहिला. शिक्षा फाशीची होती. वकिलांनी वेडेपणाचा बचाव घेतला, आणि पंधरा वर्षांपूर्वीची घोडागाडी कोर्टात आली. मायब्रिजनं स्वतः अपघात, दुहेरी दिसणं, गेलेला वास, गेलेली चव सांगितली. मित्रांनी साक्षी दिल्या की हा माणूस पूर्वी असा नव्हता. खडकावर बसलेला तो फोटोही पुरावा म्हणून चर्चेत आला.

ज्यूरीत सगळे पुरुष होते. त्यांनी वेडेपणाचा बचाव नाकारला आणि तरीही त्याला सोडून दिलं! कारण त्यांच्या मते बायकोच्या प्रियकराला मारणं हा नवऱ्याचा हक्कच होता. न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगितला होता, पण त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणजे मेंदूवर विचार व्हायला हवा होता तिथे पुरुषी इभ्रतीनं निकाल दिला. आज आपण याला काय म्हणतो ते वेगळं सांगायला नको.

या निकालाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. मायब्रिज कामासाठी पनामा, ग्वाटेमालाला निघून गेला. फ्लोरा त्याच वर्षी जुलैमध्ये आजारपणात गेली, वय अवघं चोवीस. फ्लोराडोला मायब्रिजनं अनाथाश्रमात ठेवलं. मुलगा पुढे शेतमजुरी, माळीकाम करत जगला आणि १९४४ मध्ये गाडीच्या धडकेनं गेला. मोठेपणीच्या फोटोत तो बराचसा मायब्रिजसारखाच दिसतो.

बारा कॅमेरे, बारा दोरे

आता घोडा. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेसम्राट लिलँड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा नाद. धावताना घोड्याचे चारही पाय एकदम उचलले जातात का, हा त्यांचा प्रश्न. त्यावर मोठी पैज लागल्याची गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. १८७२ मध्ये त्यांनी मायब्रिजला गाठलं, मधे खून-खटला झाला, आणि मग काम पुन्हा सुरू झालं.

जून १८७८, पालो आल्टो. धावपट्टीच्या एका बाजूला पांढरा पडदा, समोर ओळीनं बारा कॅमेरे, दोन कॅमेऱ्यांत सत्तावीस इंचांचं अंतर. आडव्या दोऱ्यांना धक्का लागला की शटर उघडायचं, तेही सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी वेळ. पत्रकार मुद्दाम बोलावले होते. १९ जूनला सॅली गार्डनर ही घोडी धावली आणि प्रश्न मिटला. पाय हवेत असतात, पण चित्रकार दाखवायचे तसे पुढेमागे ताणलेले नाही, तर पोटाखाली गोळा झालेले. शतकानुशतकं काढलेली चित्रं एका दिवसात चुकीची ठरली.

ज्या प्राण्यानं त्याचं डोकं फोडलं त्यानंच त्याला अमर केलं. असं कथेत लिहिलं तर आपणच म्हणू, जरा जास्तच झालं.

१८७९ मध्ये त्यानं झूप्रॅक्सिस्कोप बनवला. काचेच्या चकतीवर फोटोंवरून काढलेली चित्रं, चकती फिरवली की पडद्यावर घोडा पळायचा. १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये युवराजांसमोर प्रयोग झाला. आणि त्याच वर्षी स्टॅनफर्ड यांनी घोड्यांवरचं पुस्तक काढलं, त्यात मायब्रिजला श्रेयच नाही. रॉयल सोसायटीत त्याचा शोधनिबंध छापला जायचा होता, तोही मागे पडला. त्यानं दावा लावला आणि हरला. इंटर्नशिप करणाऱ्यांना हा अनुभव फार जुना वाटणार नाही.

पेनसिल्व्हेनियाचा योगायोग

१८८४ ते १८८७ या काळात तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होता. ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ हा ७८१ पाटांचा संग्रह तिथेच झाला: चालणारे, पळणारे, जिना उतरणारे, बादली ओतणारे लोक, आणि प्राणी. फ्रान्सिस डर्कम नावाच्या मज्जातंतूतज्ज्ञानं आपले रुग्ण त्याच्या कॅमेऱ्यासमोर आणले. ज्यांची चाल बिघडली होती, ज्यांचं अंग झटके देत होतं, अशी माणसं. डोक्याला मार बसलेला माणूस दुसऱ्यांच्या बिघडलेल्या मज्जासंस्थेची नोंद घेत होता.

आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, याच विद्यापीठातल्या रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी वास तपासण्याची चाचणी प्रसिद्ध केली. कागदावरच्या चाळीस पट्ट्या, एकेक खरवडायची, हुंगायची आणि चार पर्यायांतून वास ओळखायचा. आज ही चाचणी जगभर वापरतात. मायब्रिजला ती मिळाली असती तर त्याच्या नाकाचं नेमकं काय झालं ते आकड्यात लिहून ठेवता आलं असतं.

२००२ मध्ये बर्कलीतल्या आर्थर शिमामुरा या मानसशास्त्रज्ञानं मायब्रिजच्या लक्षणांचा मेंदूविज्ञानाच्या नजरेनं पुन्हा अभ्यास केला. वास जाणं, चव जाणं, आणि त्यानंतर स्वभावातला बदल. ही साखळी डोळ्यांच्या वरच्या त्या भागाकडे बोट दाखवते, असं त्यांचं म्हणणं. कागदपत्रांवरून शंभर-सव्वाशे वर्षांनी केलेलं हे निदान आहे, ते शंभर टक्के पक्कं असूच शकत नाही. पण कोर्टात सांगितलेली जी तक्रार सगळ्यांत किरकोळ वाटली असेल, तीच आता सगळ्यांत बोलकी ठरली.

मग खुनाचा दोष घोडागाडीचा? एवढं सोपं नाही. डोक्याला मार लागून वास गेलेली माणसं खून करत सुटत नाहीत. तो काही तासांचा प्रवास करून गेला होता, वाटेत परत फिरायला जागा होती. त्याची योजना आखण्याची ताकद शाबूत होती, बारा कॅमेरे त्याची साक्ष आहेत. मार लागल्यानं ब्रेक सैल झाला असेल, पण गाडी कुठे न्यायची हे ठरवणारा माणूस आतच होता. आणि तसं ठरवणं योग्य आहे, असं सांगणारा समाज बाहेर होता. नाकाची साक्ष महत्त्वाची आहे, पण निकाल एकट्या नाकावर लावता येत नाही.

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा मायब्रिज इंग्लंडला परतला होता. सिनेमा आता इतरांच्या हातात गेला होता. ८ मे १९०४ ला तो किंग्स्टनमध्येच वारला. आयुष्यभर ज्यानं नाव घासूनपुसून घेतलं, त्याच्या स्मृतिशिळेवर ते चुकीचं कोरलं गेलं: मेब्रिज.

वास गेला तर...

*कशानं जातो?* बहुतेक वेळा सर्दी, सायनस, नाकातले कोंब किंवा विषाणू. कोविडमध्ये अनेकांचा गेला आणि बऱ्याच जणांचा परत आला, कारण तिथे मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशी बिघडल्या होत्या. डोक्याला मार, काही रसायनं, काही औषधं, वाढतं वय हीही कारणं आहेत. पार्किन्सन्स आणि अल्झायमर्समध्ये वास कमी होणं ही फार आधीची खूण असू शकते. काहींना जन्मापासूनच वास येत नाही. वास पूर्ण जाण्याला डॉक्टर अ‍ॅनोस्मिया म्हणतात.

*पडल्यानंतर:* डोक्याला मार लागला असेल तर वास येतोय का, हे स्वतःहून तपासा. चहा, साबण, लसूण, काहीही चालेल. येत नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांनी विचारलं नसलं तरी. अपघातानंतर नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि घरच्यांनी स्वभावातला बदल जाणवला तर तोही सांगावा. मित्र चिडका झालाय म्हणून त्याला टाकण्याआधी एकदा त्याचं डोकं आठवा.

*परत येतो का?* वासाच्या पेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात, त्यामुळे आशा असते. डोक्याच्या मारात मात्र ती कमी असते, कारण तुटलेल्या धाग्यांना चाळणीतून पुन्हा वाट काढावी लागते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक सराव मांडला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगायचे. त्यानं काही जणांना फरक पडतो. सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

*तोपर्यंत:* गॅस गळतीचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो तुम्हाला येणार नाही. हॉस्टेलवर किंवा फ्लॅटवर राहत असाल तर रूममेटला सांगून ठेवा. उरलेलं अन्न हुंगून नाही, तारीख लिहून ठेवा.

आणि हेल्मेट. मायब्रिजकडे तो पर्याय नव्हता.